सोयीची सोय

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची मुदत संपली. ती संपणार हे मायक्रोसॉफ्ट कंपनीने काही वर्षं आधीच सांगून ठेवलं होतं, तरी लोकांनी करायचा तो त्रागा केलाच. ज्याच्या त्याच्या तोंडी एकच वाक्य: "चांगलं चाललं होतं की!" मला या वाक्याची मौज वाटते. अहो, चांगलं चाललं होतं, हीच तर तक्रार आहे. एखादं यंत्र दहा वर्षं घरात चांगलं चालतं याचा अर्थ दहा वर्षं घरातल्या कुणी त्याच्याकडे धड पाहिलेलं नाही. मुहूर्तही दिवाळीच्या तोंडावरचा होता, माळ्यावरची अडगळ काढायचा. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची एक चिप लागते आणि प्रोसेसरही अलीकडचा लागतो. ज्यांच्या संगणकात ते नाही त्यांचा संगणक चालू असूनही अपात्र ठरला. निव्वळ चालतो म्हणून एखादी वस्तू घरात ठेवायची, या वृत्तीला त्यामुळे चांगला चाप बसला.

माझी आजी मिसळणाचा डबा डोळे मिटून हाताळायची. सात वाट्या: मोहरी, जिरं, हळद, हिंग, तिखट, मेथ्या, धणेपूड. दिवे गेले तरी तिची फोडणी चुकत नसे. लहानपणी मला त्याचं कौतुक होतं. आता कळतं की ती बिचारी चाळीस वर्षं झोपेत स्वयंपाक करत होती. एखाद्या रात्री कुणी जाणकाराने गुपचूप येऊन हळदीच्या जागी तिखट ठेवलं असतं, मोहरी आतल्या झाकणाखाली सरकवून त्यावर 'आणखी मसाले दाखवा' अशी चिठ्ठी लावली असती, वाट्यांवरच्या नावांऐवजी धुरकट चित्रं काढली असती, तर आजी दुसऱ्या दिवशी सकाळी खडबडून जागी झाली असती. तिला प्रत्येक वाटी नव्याने भेटली असती. पण त्या काळात युजर एक्स्पिरियन्स हे शास्त्र आमच्या गावापर्यंत पोचलं नव्हतं.

महाराष्ट्राला सुधारकांची थोर परंपरा आहे. रूढीचं काहीही असो, 'का?' म्हणून विचारायचं, हे त्यांनी आपल्याला शिकवलं. मात्र त्यांचा सगळा रोख समाजाच्या रूढींवर राहिला आणि मनगटाच्या रूढी तशाच राहून गेल्या. ते अपुरं कार्य पुढे वॉशिंग्टन राज्यातल्या रेडमंड गावी मायक्रोसॉफ्ट कंपनीने हाती घेतलं. त्याची हकीकत मराठीत कुणी आदराने सांगितलेली नाही, म्हणून हा प्रयत्न.

सुरुवात थोडी बालिश झाली, हे मान्य केलं पाहिजे. १९९५ च्या मार्च महिन्यात 'बॉब' नावाचा एक प्रोग्राम बाजारात आला. सामान्य माणसाला फाइली आणि फोल्डर समजत नाहीत, घर मात्र समजतं, असा त्यामागे विचार. पडद्यावर एक खोली, खोलीत टेबल, घड्याळ, आणि सल्ला द्यायला रोव्हर नावाचा पिवळट कुत्रा. पासवर्ड तीनदा चुकला तर बॉब रागावत नसे. 'विसरलात वाटतं, नवीन ठेवायचा का?' असं विचारून ठेवू देत असे. चोराच्याही मनाचा विचार करणारी अशी सोय पुढे कुणी केल्याचं ऐकिवात नाही. बॉब वर्षभरातच गुंडाळावा लागला. रोव्हर मात्र २००१ साली विंडोज एक्सपीत परत आला आणि हरवलेली फाइल शोधताना शेजारी बसून शेपूट हलवू लागला. फाइल सापडो न सापडो, कुणीतरी सोबतीला असे.

बॉबच्याच वर्षी, २४ ऑगस्ट १९९५ ला, विंडोज ९५ आली. पडद्याच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात 'स्टार्ट' नावाचं बटण आलं आणि रोलिंग स्टोन्सच्या गाण्यावर त्याची जाहिरात झाली. संगणक बंद करायचा तरी आधी हेच 'स्टार्ट' दाबायचं, यावर जगभर विनोद झाले. मराठी माणसाने त्यात हसण्यासारखं काही शोधू नये. आपण घराबाहेर पडताना 'येतो' म्हणतो, आणि रात्री दुकानाला कुलूप लावतो तेव्हा दुकान 'वाढवतो'.

हे बटण कोपऱ्यात होतं, आणि तिथेच पुढच्या सगळ्या आळसाचं मूळ आहे. पॉल फिट्स नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली एक नियम मांडला: लक्ष्य जितकं मोठं आणि जितकं जवळ, तितका हात तिथे लवकर पोचतो. पडद्याचा कोपरा या हिशेबात फार मोठा ठरतो, कारण माउस कितीही जोरात भिरकावला तरी बाण कडेला जाऊन थांबतो, पलीकडे जातच नाही. नेम धरायची गरज उरत नाही. सतरा वर्षं कोट्यवधी मनगटांनी न बघता तो कोपरा गाठला. आजी आणि हळद, दुसरं काय.

२६ ऑक्टोबर २०१२ रोजी विंडोज ८ ने ही झोप मोडली. ते बटणच काढून टाकलं. कोपरा रिकामा, पण त्या रिकाम्या कोपऱ्यात बाण नेला की काहीतरी उगवायचं, हे ज्याचं त्याने शोधायचं होतं. ते उगवलेलं दाबलं की अख्खा पडदा रंगीत फरशांनी भरून जाई. फरशा बोटाने दाबायला फार सोयीच्या होत्या. ज्यांच्या टेबलावर माउस होता आणि ज्यांचा पडदा बोटाला दाद देत नव्हता, त्यांनाही त्याच फरशा मिळाल्या. भेदभाव केला नाही. संगणक बंद करायचा असेल तर बाण उजव्या कोपऱ्यात न्यायचा, तिथून 'चार्म्स' नावाची पट्टी डोकावेल, तिच्यात 'सेटिंग्ज', त्यात 'पॉवर', त्यात 'शट डाउन'. संगणक बंद करणं ही सेटिंग बदलण्याची बाब आहे, हा विचार तोवर कुणाला सुचला नव्हता. मयासुराने पांडवांना सभा बांधून दिली तेव्हा दुर्योधनाला पाणी कुठलं आणि फरशी कुठली ते कळेना. तो पडला. लोक दुर्योधनाला हसले. मयासुराच्या रचनेत खोट आहे असं तेव्हाही कुणी म्हटलं नाही.

या कामाचे प्रमुख स्टीव्हन सिनोफ्स्की सतरा दिवसांनी, १२ नोव्हेंबरला, कंपनीतून गेले. विशेष ते पुढेच आहे. लोकांनी बटण परत मागितलं, आणि १७ ऑक्टोबर २०१३ ला, विंडोज ८.१ मध्ये, ते परत मिळालं. दाबलं की पुन्हा त्याच फरशा. लोकांनी बटण मागितलं होतं, बटण दिलं. बटण दाबल्यावर पूर्वी उघडायची ती यादी मागायला हवी होती हे त्यांच्या ध्यानात नंतर आलं. यादी आली २९ जुलै २०१५ ला, विंडोज १० सोबत, आणि काय तिचं स्वागत झालं! वीस वर्षांपूर्वीची वस्तू बघून लोक हरखून गेले. वस्तू हप्त्याने विकत मिळते हे मध्यमवर्गाला ठाऊक होतंच. स्वतःचीच वस्तू हप्त्याने परत मिळते आणि तिचा आनंद नव्या वस्तूपेक्षा जास्त असतो, हा शोध मात्र अर्थशास्त्रातला आहे असं मला वाटतं. त्याची योग्य दखल अजून घेतली गेलेली नाही.

बंद करण्याचा विषय निघालाच आहे तर विंडोज व्हिस्टाला नमस्कार केल्याखेरीज पुढे जाववत नाही. ३० जानेवारी २००७ रोजी ती सर्वसामान्यांच्या हाती आली. तिच्या स्टार्ट मेन्यूत पॉवर बटणाचं चित्र होतं, ते दाबलं की संगणक झोपी जाई. शेजारी कुलपाचं चित्र. त्याशेजारी बारीक बाण, आणि बाणाच्या पोटात सात पर्याय: दुसरा माणूस येऊ द्या, बाहेर पडा, कुलूप लावा, पुन्हा सुरू करा, झोपवा, गाढ झोपवा, आणि सगळ्यात शेवटी, इतकं सगळं वाचूनही तुमचा निश्चय कायम असेलच तर, बंद करा. हा मेन्यू घडवणाऱ्यांपैकी मोइशे लेटव्हिन या प्रोग्रामरने पुढे हिशेब मांडला: त्या कामात सुमारे चोवीस माणसं होती, वरचे साहेब धरले तर त्रेचाळीस जणांना त्यात मत होतं, आणि वर्षभरात त्याच्या हातून जेमतेम दोनेकशे ओळी लिहून झाल्या. लोक याला उधळपट्टी म्हणाले. अशा लोकांनी एकदा आपल्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेला यावं. जिन्यातला दिवा रात्री किती वाजता मालवायचा हा विषय तिथे एका वर्षात मार्गी लागला तर पेढे वाटतात. शिवाय त्या त्रेचाळीस जणांनी एकमेकांना दुखावलं नाही, प्रत्येकाचा पर्याय ठेवला. सात पर्याय म्हणजे सात जणांचा मान.

व्हिस्टाचा दुसरा गुण म्हणजे ती विचारत असे. काहीही करायला जा, पडदा काळवंडे आणि 'हे तुम्हीच करताय ना? करू देऊ ना?' असा प्रश्न येई. 'हो' म्हणायचं. पुन्हा प्रश्न. पुन्हा 'हो'. चारेक दिवसांत बोट प्रश्न न वाचताच 'हो' म्हणायला शिके, आणि सुरक्षितता घरात स्थिर होई. याचं मर्म २००८ साली एका सुरक्षा परिषदेत कंपनीचे डेव्हिड क्रॉस यांनी मोकळेपणाने सांगितलं: ही सोय वापरणाऱ्याला वैताग यावा म्हणूनच ठेवली होती. माणूस वैतागेल, वैतागून बाहेरच्या प्रोग्रामवाल्यांकडे ओरडेल, मग ते नको तिथे सर्वाधिकार मागणं सोडतील, अशी योजना. तळपायाला काटा टोचवून वैद्याला शेजारच्या घरी पाठवण्यासारखंच हे. युक्ती पुष्कळशी लागूही पडली म्हणतात. आपल्याकडे वैताग देणारी खाती पुष्कळ आहेत, पण हेतू इतका स्वच्छ सांगणारा अधिकारी मी पाहिलेला नाही.

पंगतीतला आग्रह ही खास आपली गोष्ट, असा माझा बरेच दिवस समज होता. ताटावर आडवा हात धरावा, मान हलवावी, 'नको, नको' म्हणावं, आणि वाढणाऱ्याने बोटांच्या फटीतून जिलबी सोडावी. २०१६ साली तो समज गेला. विंडोज १० तेव्हा वर्षभरासाठी फुकट होती आणि ती घ्या म्हणून जुन्या संगणकांवर एक चौकट उगवत असे. लोक चौकटीच्या कोपऱ्यातली फुली दाबून ती मिटवत. फुली म्हणजे नको, हे तर विंडोजनेच वीस वर्षं शिकवलेलं. मे महिन्यात ती फुली 'वाचलं, ठरल्या वेळी होऊ द्या' अशा अर्थाची झाली. माणूस 'नको' म्हणून झोपायला जाई आणि उठल्यावर ताटात जिलबी. डिसेंबरात कंपनीचे विपणनप्रमुख ख्रिस कॅपोसेला यांनी हे जरा जास्तच झालं, अशी कबुली दिली. इथे मात्र आपण सरस आहोत. आग्रह करून झाल्यावर 'जरा जास्तच झालं' म्हणणारा यजमान कोकणापासून विदर्भापर्यंत सापडायचा नाही.

५ ऑक्टोबर २०२१ रोजी विंडोज ११ आली आणि मिसळणाच्या डब्याचं माझं स्वप्न शब्दशः साकार झालं. माउसचं उजवं बटण दाबलं की पूर्वी लांबलचक यादी येई. आता आटोपशीर येते, आणि तळाशी लिहिलेलं असतं: आणखी पर्याय दाखवा. ते दाबलं की जुनी लांबलचक यादी जशीच्या तशी येते. म्हणजे आधी छोटी यादी वाचायची, तीत हवं ते नाही याची खात्री करायची, आणि मग मोठी वाचायची. वाचनसंस्कृती लोप पावत चालली म्हणून गळा काढणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी. कापणं, नकलणं, चिकटवणं हे शब्द होते, त्यांची तेव्हा बारीक चित्रं झाली.

स्टार्ट बटणही कोपऱ्यातून उठून तळाच्या पट्टीवर मध्याकडे येऊन बसलं. बसलं म्हणणंसुद्धा बरोबर नाही. पट्टीवरची सगळी चित्रं मिळून मध्यभागी राहायची असल्याने, तुम्ही नवा प्रोग्राम उघडला की रांग दोन्ही बाजूंना वाढते आणि स्टार्ट बटण किंचित डावीकडे सरकतं. मिटला की परत उजवीकडे. फिट्ससाहेबांनी स्थिर लक्ष्याचा नियम सांगितला होता, पळत्या लक्ष्याचा राहूनच गेला होता. (ते डावीकडे न्यायची सोय आहे. पण ती हवी असलेल्याने सेटिंग्जमध्ये जाऊन शोधावी. शोधण्यात जाग आहे.) ती पट्टी विंडोज ९५ पासून पडद्याच्या चारही कडांना नेता येत असे. नव्या घरात पट्टी नव्याने बांधली तेव्हा तीन कडा राहून गेल्या. फाइल उचलून पट्टीवरच्या चित्रावर सोडायची जुनी सोयही राहून गेली, ती २०२२ मध्ये सुधारणा म्हणून आली. बटणाच्या वेळचं गणित इथे परत जमलं होतं.

सगळंच बदलत नाही, हेही सांगायला हवं, नाहीतर वाचक म्हणायचे की एकच बाजू मांडली. विंडोज ८ ने कंट्रोल पॅनेलच्या जोडीला 'पीसी सेटिंग्ज' नावाचं नवं दालन उघडलं, तेव्हापासून तपाहून अधिक काळ दोन्ही नांदतायत. काही किल्ल्या थोरलीकडे, काही धाकटीकडे. सूनबाईंना विचारावं तर त्या कोपऱ्यातल्या निळ्या अक्षरांकडे बोट दाखवतात, तिथून सासूबाईंच्या माजघरात जाता येतं. डिस्क फॉरमॅट करायची चौकट तर १९९४ सालच्या अखेरची. डेव्ह प्लमर यांनी ती एका पावसाळी सकाळी तात्पुरती म्हणून मांडली होती, नीट चौकट येईपर्यंत वेळ निभावायला. ती तीस वर्षं टिकली. जे तात्पुरतं असतं तेच टिकतं, हे आपल्याकडे पत्र्याच्या शाळाखोल्या पाहणाऱ्या कुणालाही सांगावं लागत नाही.

एकाच कंपनीची आरती गाणं बरं नव्हे. २०११ हे साल सर्वांसाठीच फलदायी होतं. ॲपलने लायन नावाच्या आवृत्तीत बोटं वर नेली की पानही वर जाईल अशी दिशा उलटवली आणि तिचं नाव 'नैसर्गिक' ठेवलं. आदल्या दिवसापर्यंत आपण निसर्गाविरुद्ध वागत होतो हे कित्येकांना तेव्हा प्रथम कळलं. लिनक्सवरच्या ग्नोम ३ ने खिडकी लहान आणि मोठी करायची बटणं काढून घेतली, फक्त मिटायचं ठेवलं. याला विरक्ती म्हणतात.

मराठी वाचकाला जवळची गोष्ट अशी, की विंडोज २००० पासून संगणकावर देवनागरी दिसू लागली ती 'मंगल' या टंकात. तो र. कृ. जोशी यांनी घडवला. कितीतरी कचेऱ्यांतले अर्ज, परिपत्रकं, स्मरणपत्रं त्याच अक्षरांत निघाली. मंगल म्हणजेच मराठी, असा कारकुनांचा समज झाला. म्हणजे पुन्हा सवय. विंडोज ८ मध्ये 'निर्मला' आली आणि विंडोज १० मध्ये मंगल ऐच्छिक झाला: देवनागरीतली भाषा यंत्रात जोडा, नाहीतर सेटिंग्जमध्ये जाऊन मागून घ्या. ऐच्छिक केल्यावर एखाद्या विषयाचं किती भलं होतं, ते शाळांतल्या मराठीच्या शिक्षकांना विचारावं.

मात्र या सगळ्यात माझ्या मते सर्वांत हळवं काम झालं ते मरणाच्या पडद्यावर. यंत्र अचानक गतप्राण झालं की पूर्वी निळ्या पडद्यावर अगम्य आकडे येत. २०१२ मध्ये तिथे दुःखी चेहरा आला, दोन ठिपके आणि एक कंस. यंत्रालाही वाईट वाटतं हे पाहून कित्येकांचा न जतन केलेला मजकूर गेल्याचं दुःख हलकं झालं असेल. २०१६ मध्ये फोनवर टिपायचा चौकटींचा कोड आला. २०२५ मध्ये पडदा काळा झाला. चेहरा गेला, कोडही गेला. निळ्याचं इंग्रजी नाव 'ब'ने सुरू होतं, काळ्याचंही, त्यामुळे जुन्या लघुरूपाला धक्का लागला नाही. आपल्याकडे काळं संक्रांतीला नेसतात, तेव्हा पडदा काळा होताच तिळगूळ वाटायला हरकत नसावी.

आणि 'अपडेट करून बंद करा' हा पर्याय. हा निवडावा, झोपायला जावं, सकाळी यावं तर संगणक जागाच. अपडेट व्हायचं, बंद व्हायचं राहून जायचं, यंत्र पुन्हा सुरू होऊन वाट पाहत बसायचं. 'येतो' म्हणून उठलेला आणि उंबरठ्यावर तासभर बोलत उभा राहिलेला पाहुणा ज्यांच्या घरी येतो त्यांना यात नवल वाटू नये. कित्येक वर्षं लोकांना ही आपलीच चूक वाटे, आपणच शेजारचं बटण दाबलं असणार. २०२५ च्या हिवाळ्याच्या तोंडावर कंपनीने ही त्रुटी होती असं सांगून ती दुरुस्त केली, आणि आता 'बंद कर' म्हटलं की संगणक बंद होतो. त्याची सवय लागायच्या आत कुणीतरी काहीतरी करायला हवं.